खाकीच्या सोंगाला संविधानाचे उत्तर!

महिनाभरापूर्वी आमच्या कार्यालयात एक वृद्ध गृहस्थ आले. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात तीस वर्षे झाडू मारून निवृत्त झालेले, तिन्ही मुलांना शिकवलेले, ६ डिसेंबरला न चुकता चैत्यभूमीला जाणारे. खुर्चीवर बसल्यावर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'जयभीम साहेब. माझं नाव छापू नका. पण जे झालं ते छापा.'

झाले होते ते असे. दुपारी घरी एकटे असताना त्यांना फोन आला. बोलणाऱ्याने आपण मुंबईच्या क्राइम ब्रँचमधून बोलत असल्याचे सांगितले. तुमच्या आधार कार्डावर कुणी सिमकार्ड घेतले आहे, त्यावरून बँकेत खाते उघडले आहे आणि त्या खात्यात काळा पैसा सापडला आहे, असे तो म्हणाला. मग व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दीतला माणूस, मागे अशोकस्तंभाचे चित्र आणि तिरंगा. 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. फोन बंद करायचा नाही. खोलीबाहेर जायचे नाही. मुलांना सांगितले तर त्यांच्याही नोकऱ्या जातील.' दोन दिवस हा माणूस स्वतःच्या घरात कैदी होऊन बसला. सूनबाईला सांगितले, बरे वाटत नाही. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन फंड आणि ग्रॅच्युइटीची मुदत ठेव मोडली आणि 'तपासणीसाठी सरकारी खात्यात' भरली. पैसे दोन दिवसांत परत मिळणार होते. ते आजतागायत मिळालेले नाहीत.

आम्ही त्यांना विचारले, 'काका, कुणाला एका शब्दाने विचारले का नाही?' ते म्हणाले, 'साहेब, मी लहान असताना माझ्या बापाला पोलिसांनी उचलून नेलं होतं. पाटलाच्या विहिरीवरून भांडण झालं होतं. तीन दिवसांनी आणून टाकला. खाकी बघितली की अजून माझ्या पायातलं बळ जातं.'

हा अग्रलेख आम्ही त्या उत्तरासाठी लिहीत आहोत.

अशा फसवणुकीची बातमी आली की शिकलेली माणसे हसतात. 'लोक इतके मूर्ख कसे?' असे विचारतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, ही मूर्खपणाची गोष्ट नव्हे! ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पंजाबमधील एका नामांकित उद्योगसमूहाच्या ८२ वर्षांच्या प्रमुखांना भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी व्हिडिओवर दाखवली आणि सात कोटी रुपये लुटले. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रकमेला गंडवले. त्या दांपत्याच्या तक्रारीवरूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली. केंद्रीय गृह खात्याने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली ७ हजार ४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ साली हाच आकडा २२ हजार ८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट! तेव्हा फसलेल्या माणसाला हसणे आधी बंद करा. ज्याला हसले जाते तो तक्रार करीत नाही, आणि तक्रार झाली नाही तर भामट्याला पुढचे घर मोकळे सापडते.

मात्र सात कोटी गेलेल्या उद्योगपतीचे कारखाने चालू राहतात. आमच्या वस्तीतल्या माणसाचे सात लाख गेले तर त्याचे उरलेले आयुष्य जाते. आमच्या समाजात निवृत्तीवेतन आणि फंड ही फार जुनी गोष्ट नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या आरक्षणातून जी पहिली पिढी रेल्वेत, एसटीत, टपाल खात्यात, शाळांत आणि नगरपालिकांत लागली, तिची ही पुंजी आहे. तिच्यामागे ना शेती, ना वाडवडिलांची इस्टेट. नातवाचे शिक्षण, नातीचे लग्न, म्हातारपणाचे औषधपाणी, सारे त्याच एका पासबुकात असते. त्या पासबुकावर आज दरोडा पडतो आहे आणि दरोडेखोर खाकी घालून येतो आहे.

तो खाकीच का घालतो? कारण खाकीची भीती त्याला आयती सापडली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवले, ज्यांना ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत त्या कायद्याच्या जोखडातून सुटका मिळाली नाही, त्यांच्या वस्तीत पोलीस ही भीतीचीच गोष्ट होती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा भीमसैनिकांचे बळी घेतले, ते आम्ही विसरलेलो नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा आमचा तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला, तेही आम्ही विसरलेलो नाही. ही भीती खोटी आहे असे आम्ही कुणाला सांगणार नाही. परंतु ज्या भीतीला इतिहास आहे तिच्यावर नुसत्या 'घाबरू नका' या उपदेशाने इलाज होत नाही. तिच्यावर इलाज एकच, आणि तो म्हणजे कायद्याचे ज्ञान. आणि कायदा तर आमच्या बापाने लिहून ठेवला आहे!

घटना समितीत व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून, म्हणजे आजच्या कलम २१ मधून, योग्य कायदेशीर प्रक्रियेचे व्यापक संरक्षण वगळले गेले, तेव्हा अनेक सदस्य नाराज झाले होते. बाबासाहेबांनाही ती उणीव दिसत होती. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी स्वतः उठून १५-अ हे नवे कलम घटना समितीपुढे मांडले आणि ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी आपण ते आणत आहोत, असे सांगितले. तेच आजचे कलम २२. अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणे सांगितलीच पाहिजेत. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्यापासून त्याला रोखता येणार नाही. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे कायदे आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक एवढा अपवाद सोडला तर हे संरक्षण सर्वांना आहे. उद्योगपतीला आहे आणि सफाई कामगारालाही आहे.

आता त्या फोनवरच्या 'साहेबा'चे बोलणे या कलमाला लावून पाहा. तो म्हणतो, कुणाला सांगायचे नाही. बाबासाहेबांचे कलम म्हणते, वकिलाला सांगण्याचा तुमचा हक्क आहे. तो म्हणतो, दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून राहा. कलम म्हणते, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर न्या. मग सांगा, हा पोलीस कसा असेल?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्या संहितेत 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही. अटक करणारा अधिकारी प्रत्यक्ष समोर येतो. त्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. त्याने अटकेचा कागद जागेवर तयार केला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घेतली पाहिजे आणि तुमच्या नातेवाइकाला कळवले पाहिजे. म्हणजे घरच्यांपासून लपवून ठेवण्याची नव्हे, तर घरच्यांना कळवण्याची सक्ती कायद्याने पोलिसांवर केली आहे. साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीला तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीसही पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले वॉरंट, त्यावरचा गोल शिक्का आणि इंग्रजीतली सही यांना भिण्याचे कारण नाही.

आणि पैशांचे काय? पोलीस, सीबीआय, न्यायालय किंवा रिझर्व्ह बँक यांपैकी कुणीही 'तपासणीसाठी' तुमचे पैसे आपल्या खात्यात मागवीत नाही. जामिनाची रक्कम भरायची असेल तर ती न्यायालयाच्या आदेशाने भरली जाते आणि तिची पावती मिळते. फोनवर ना जामीन मिळतो, ना निर्दोष सुटल्याचा दाखला.

या ठगांचा दुसरा वेश बँकेच्या साहेबाचा. केवायसी अपुरी आहे, आज रात्री खाते बंद होईल, एटीएम कार्ड गोठवले जाईल, वीज तोडली जाईल. कधी शिष्यवृत्ती, घरकुल, लाडकी बहीण अशा योजनांची नावे घेऊन तो गोड बोलतो. वर्दीवाला भीती दाखवतो, बँकवाला घाई करतो. दोघांनाही एकच नको असते, ते म्हणजे तुम्ही दुसऱ्या माणसाला विचारणे! येथे नियम साधे आहेत. ओटीपी, पिन, पासवर्ड आणि कार्डाच्या मागचे तीन आकडे बँकेचा खरा माणूस कधीच विचारत नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा बँकेचे अ‍ॅप म्हणून अनोळखी नंबरावरून आलेली एपीके फाइल उघडली की फोनमधले संदेश चोराच्या हाती जाऊ शकतात. कुणाच्या सांगण्यावरून फोनचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे अ‍ॅप घेऊ नका. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तेथेही चोरांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबर लावा, किंवा सरळ शाखेत जा. बँक कुठे पळून जात नाही.

सांगणारा मोठा आहे, अधिकारी आहे, त्याच्या अंगावर मान्यतेची वस्त्रे आहेत, एवढ्यावरून त्याचे खरे मानू नका. स्वतः तपासून पाहा, ही शिकवण भगवान बुद्धांनी केसमुत्तीच्या कालामांना अडीच हजार वर्षांपूर्वी दिली. आपण दर रविवारी विहारात वंदना घेतो. मग सोमवारी फोनवरच्या आवाजाला 'होय साहेब, होय साहेब' म्हणत शरण का जातो? पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये या ठगीबद्दल थांबा, विचार करा, कृती करा, असे सांगितले. सल्ला चुकीचा नाही. परंतु ज्याला आपले हक्कच ठाऊक नाहीत, तो थांबून विचार तरी कशाचा करणार?

म्हणून आमच्या वाचकांनी घरात आजच ठरवून टाकावे. असा फोन आला की तो कापायचा. फोन कापणे हा गुन्हा नाही. मग घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला सांगायचे. तरीही शंका राहिली तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायाने, सोबत एक माणूस घेऊन जायचे आणि विचारायचे. ठेव मोडण्यापूर्वी मुलाला, मुलीला किंवा सुनेला सांगितल्याशिवाय बँकेची पायरी चढायची नाही. मुलांनीही आईबापांना 'तुम्हाला काय कळतंय' म्हणून झिडकारू नये. जो बाप मुलाच्या रागाला भितो, तो चोराचे गुपित सांभाळत बसतो.

आणि फसवणूक झालीच तर? वेळ घालवू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. तक्रार नोंदली गेली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढे गेले नसतील तर ते तेथेच अडवता येतात. हे पैसे काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या खात्यात पळवले जातात. म्हणून पहिला तास मोलाचा. सोबत आपल्या बँकेला कळवून खाते आणि कार्ड बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याच्या माथी येते. परंतु कळवल्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते. म्हणजे दोन्ही बाजूंनी लवकर कळवण्यातच हित आहे.

पोलीस ठाण्यात 'ही आमची हद्द नाही' असे सांगून परत पाठवले जाते, हा आमच्या माणसांचा जुना अनुभव. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे. नोंदवली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. ही भीक नाही, हक्क आहे.

आमच्या तरुणांना मात्र दोन कडू शब्द सांगणे भाग आहे. चोरलेले पैसे फिरवायला ठगांना दुसऱ्यांची बँक खाती लागतात, आणि ती ते गरीब विद्यार्थी व बेरोजगार पोरांकडून भाड्याने घेतात. 'नुसते पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, काही हजार मिळतील' असे सांगणारा 'मित्र' कॉलेजच्या कट्ट्यावर भेटतो. पोरगा त्या पैशांत मोबाइल घेतो. पुढे दुसऱ्या राज्यातले पोलीस दारात येतात, कारण पैशांच्या माळेत पहिले नाव त्याचे असते! खाते गोठते आणि त्याच खात्यात येणारी शिष्यवृत्तीही अडकते. पुढे नोकरी लागली की चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा आडवा येतो. मुख्य सूत्रधार दूर कुठे तरी बसलेला असतो आणि आमचे पोर तुरुंगात. ज्याचे पैसे त्या खात्यातून गेले तो कदाचित आपल्याच वस्तीतला सफाई कामगार असेल, याचाही विचार करा. त्याचप्रमाणे परदेशात संगणकावरच्या गलेलठ्ठ पगाराची नोकरी देणाऱ्या दलालांपासून सावध राहा. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधल्या अशाच ठगांच्या अड्ड्यांतून सोडवलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारला विमानाने परत आणावे लागले. नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांना तेथे सक्तीने फसवणुकीच्या कामाला जुंपले होते.

परंतु सारी जबाबदारी नागरिकाच्या शहाणपणावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. खोट्या कागदांवर सिमकार्ड कोण देते? ज्या खात्यात कधी हजार रुपये नव्हते त्यात एका दिवसात पन्नास लाख येऊन जातात, ते बँकेला दिसत का नाही? निवृत्त सफाई कामगार थरथरत्या हाताने आयुष्याची ठेव मोडतो, तेव्हा खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने 'काका, कुणाला पाठवता?' एवढेही विचारू नये? सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी 'डिजिटल अटके'च्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला आणि अशी खाती उघडण्यात बँकेच्या माणसांचा हात असेल तर तोही तपासण्याची मोकळीक दिली, हे योग्यच झाले. पोलीस खात्यालाही आमचे एक सांगणे आहे. खऱ्या ठाण्यात वस्तीतल्या माणसाला बसायला खुर्ची आणि सरळ उत्तर मिळू लागले, तर खोट्या पोलिसाचा निम्मा धंदा त्याच दिवशी बसेल.

आमची मागणी आमच्या संघटनांकडे आणि मंडळांकडेही आहे. १४ एप्रिलच्या डीजेवर लाखो रुपये उडतात. त्यातले काही हजार बाजूला काढा आणि प्रत्येक विहाराच्या भिंतीवर कलम २२ मराठीत मोठ्या अक्षरांत रंगवा. त्याखाली १९३० आणि १५१०० हे दोन क्रमांक लिहा. महिला मंडळाच्या बैठकीत शिकलेल्या मुलीने हा खोटा फोन करून दाखवावा आणि तो कसा कापायचा तेही दाखवावे. निवृत्त मंडळींची महिन्यातून एकदा बैठक घ्या. वस्तीतला एखादा वकील, एखादा बँक कर्मचारी तिथे येऊन बसेल. जी भीती पिढ्यान्‌पिढ्या एकेकट्याने सोसली, ती चारचौघांत बोलली तरच ओसरेल.

ते काका आमच्याकडे आले तेव्हा पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. तोवर त्यांनी घरी काहीही सांगितले नव्हते. आम्ही त्यांच्या थोरल्या मुलाला बोलावून घेतले. तो रागावला नाही. बापाजवळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दोघे पोलीस ठाण्यात गेले आणि फिर्याद नोंदवली. पैसे परत मिळतील की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. पण निघताना काकांनी आमच्याकडून कलम २२ एका कागदावर लिहून घेतले आणि घडी करून वरच्या खिशात ठेवले. तो कागद फोन येण्यापूर्वी त्यांच्या खिशात असायला हवा होता. तो तिथे नव्हता, हा दोष त्यांचा नाही. तो तुमचा-आमचा, साऱ्या चळवळीचा आहे. तो दोष आता तरी दूर करूया.

जयभीम!